टर्मिनलात कुऱ्हाडे सापडेनात

नौपाड्यातल्या एका छोट्या वाचनालयाचा पीसी इतका जुना आहे की हलका विंडो मॅनेजर (खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) आणि एक टर्मिनल, म्हणजे नुसत्या अक्षरांची खिडकी, एवढंच त्याला झेपतं. पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम मी पायथन भाषेच्या कर्सेस लायब्ररीत, म्हणजे टर्मिनलात स्क्रीन मांडणाऱ्या तयार कोडात, लिहून दिला. अट एकच होती: सभासदांची नावं मराठीतच हवीत.

टायपिंगचं लवकर मिटलं. काउंटरवरच्या काकू इनस्क्रिप्ट या भारतीय कीबोर्ड मांडणीवर झपाझप लिहितात. त्यांनी 'ठ' दाबला की कळ वाचणारं 'गेटसीएच' हे फंक्शन 224, 164, 160 असे तीन आकडे द्यायचं, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. सुरुवातीला लोकेल (भाषेचं सेटिंग) सेट केलं आणि 'गेटसीएच'ऐवजी 'गेट-डब्ल्यूसीएच' वापरलं, की अख्खं चिन्ह हातात येतं. एस्केप दाबल्यावर स्क्रीन सेकंदभर ढिम्म राहायची. बाणांच्या कळांचे संकेतही एस्केपनेच सुरू होतात, म्हणून कर्सेसच्या खालची एनकर्सेस लायब्ररी पुढे काही येतंय का याची मूळ सेटिंगमध्ये 1000 मिलिसेकंद वाट बघते. ते 25 वर आणलं.

खरा घोळ रकान्यांचा. 'ठाणे' हा शब्द चार कोडपॉइंटांचा (युनिकोडमधल्या सुट्या चिन्हांचा), बारा बाइटांचा, वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा. रुंदी मोजायच्या जुन्या पद्धतीत काना स्क्रीनवरचं एक घर घेतो, वरची मात्रा शून्य. म्हणजे तीन घरं. टर्मिनलाचं गणित वेगळं निघालं की नावापुढचा फोन नंबर सरकतो आणि आधीच्या ओळीची शेपटं मागे उरतात. टर्मिनललाच कर्सर कुठे आहे ते विचारता येतं, पण ते उत्तर कीबोर्डच्याच वाटेने येतं आणि काकूंच्या टायपिंगमध्ये मिसळतं. मी सरळ नावाचा रकाना उजवीकडे शेवटी नेला. आता त्याच्यापुढे सरकायला काही नाहीच. दिसायला जरा विचित्र, पण भांडण संपलं.

मग एके दिवशी काकू म्हणाल्या, "अरे, कुऱ्हाडे यादीत दिसतायत, पण शोधले की गायब!" याद्या वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कीबोर्डांवर भरलेल्या. तो ऱ्ह तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडला: थेट 'ऱ' घेऊन, 'र' खाली नुक्ता देऊन, आणि 'र्' नंतर झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखेच. एनएफसी, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायची युनिकोडची पद्धत, वापरल्यावर पहिले दोन एक होतात. तिसऱ्याला ते हातही लावत नाही. तो मी वेगळा बदलून घेतला, साठवताना आणि शोधतानाही.

बॅकस्पेसवर मात्र काकूंचं आणि माझं एकमत आहे: एका दाबात फक्त मात्रा जावी, अख्खं अक्षर नाही. बाण मात्र अक्षर ओलांडून जावा. युनिकोडच्या 15.1 आवृत्तीपासून 'क्ष' सारखं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आहे, पण त्या पीसीवरची अक्षरं तोडणारी लायब्ररी त्याआधीची. तिथे बाण अजूनही 'क्ष' च्या मधोमध थांबतो.