तुम्ही विचारलंत म्हणून: चार भाषा आणि एक कीबोर्ड

जळगाव-धुळ्याकडची इंजिनिअरिंगची मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, गो, प्रोग्रामिंगच्या चार भाषा एकाच वेळी लिहिता. गल्लत होत नाही का? आणि टीममधल्याला नवी भाषा शिकवता कशी?"

गल्लत होते. घरात अहिराणीत 'शे' आणि शाळेत मराठीत 'आहे' म्हणणाऱ्या इथल्या पोरांना भाषा बदलायची सवय असतेच, त्यामुळे कंस, अर्धविराम, फॉर लूप आठवड्याभरात हाताला बसतात. फसवतात त्या सारख्या दिसणाऱ्या गोष्टी.

संख्या विषम आहे का, हे बघायला २ ने भागून बाकी १ येते का, अशी अट बहुतेक जण घालतात. पायथनमध्ये -७ ची बाकी १ येते आणि अट चालते. तीच ओळ जावा, गो किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिली की बाकी येते -१, आणि -७ विषम नाही असं उत्तर मिळतं. एरर काहीच नाही. म्हणून अट 'बाकी ० नाही ना' अशी लिहावी, ती चारही भाषांत टिकते.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. 'केळी' या शब्दाची लांबी विचारा. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट सांगतील ४; गो सांगेल १२; स्विफ्ट (ॲपलची भाषा) सांगेल २. सगळ्यांचं बरोबर आहे. पहिल्या तिघी क, एकार, ळ, ईकार असे तुकडे मोजतात, गो बाइट मोजते (यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत यातला प्रत्येक तुकडा ३ बाइटचा), आणि स्विफ्ट डोळ्याला दिसणारी अक्षरं. आता लेबलवर मावावं म्हणून पायथनमध्ये पहिले ३ तुकडे ठेवले, तर छापून येतं 'केळ'. गोमध्ये पहिले ४ बाइट कापले, तर 'क'च्या पुढे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. मला यातली पहिली चूक जास्त घातक वाटते, कारण 'केळ' हा धड शब्दच आहे. तपासणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो. टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, फक्त इंग्रजी नावांवर लिहिल्या, तर दोन्ही चुका थेट गिऱ्हाइकाकडे पोचतात.

शिकवायचं ते असं. कीबोर्ड शिकणाऱ्याच्या हातात, आपले हात मांडीवर. एका बैठकीला पाऊण तास पुरे. पुढे लक्ष उडतं. कोरी फाइल देऊ नका, चालू प्रोजेक्टमधला एखादा छोटा बग (कोडमधली चूक) दुरुस्त करायला द्या. रन करण्याआधी "काय येईल?" विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. तोंडी उत्तर आउटपुट दिसताच "मला हेच म्हणायचं होतं" असं बदलतं, आणि नेमकी कुठली समजूत चुकली ते हातचं जातं.

तो अडकला तर दोन-तीन मिनिटं गप्प बसा. अवघड जातं, पण बसा. मग ओळ सांगण्याऐवजी डीबगर (कोड मध्येच थांबवून आत बघायचं साधन) कुठे थांबवायचा तेवढं सांगा. त्याचा कोड तपासताना, रिव्ह्यूमध्येही "हे चुकलंय" असं लिहू नका, "इथे -७ आलं तर?" एवढंच लिहा. आणि कागदावरचं जे उत्तर चुकलं, त्याची टेस्ट त्याच दिवशी, त्याच्याच हातून लिहून घ्या.