एसव्हीएमला दिसतं ते फक्त कर्नल मॅट्रिक्स

सपोर्ट व्हेक्टर मशीन, म्हणजे एसव्हीएम, ही नमुने दोन गटांत वेगळे करणारी पद्धत. ती शिकवताना दोन रंगांचे ठिपके, मधून जाणारी रेषा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा असं चित्र काढतात. चित्र बरोबर आहे. पण त्यातून एक गोष्ट निसटते. अल्गोरिदमला ते ठिपके दिसतच नाहीत. त्याच्या हातात पडतं एक चौकोनी कोष्टक: कोणता नमुना कोणत्या नमुन्याशी किती जुळतो, त्याचे आकडे. हेच कर्नल मॅट्रिक्स. मॉडेल गडबडलं की लोक आधी सी (चुकांना किती दंड लावायचा तो आकडा) बदलायला घेतात. माझ्या मते आधी हे कोष्टक उघडून बघावं, कारण निम्म्याहून जास्त गोंधळ तिथेच उघड दिसतो.

गणित थोडक्यात असं. वजनांचा सदिश व, नमुना क्ष, स्थिरांक क आणि लेबल य (+१ किंवा −१). प्रत्येक नमुन्यासाठी य(व·क्ष + क) किमान १ हवं. पट्ट्याची एका बाजूची रुंदी १ ÷ ‖व‖ असते, म्हणून ती वाढवायची तर ‖व‖ च्या वर्गाचा अर्धा भाग कमीत कमी करायचा. याचं द्वैत रूप (तोच प्रश्न अटींच्या वजनांत मांडलेला) लिहिलं की प्रत्येक नमुन्याला एक वजन, अल्फा, मिळतो, आणि क्ष एकटा कुठेच उरत नाही. दरवेळी दोन नमुन्यांचा बिंदुगुणाकारच (घटकाला घटकाने गुणून केलेली बेरीज) येतो. म्हणून त्या गुणाकाराच्या जागी दुसरं फलन, म्हणजे कर्नल, बसवता येतं. रेषीय रूप मॉस्कोमध्ये १९६० च्या दशकातच तयार झालं होतं. त्यात कर्नल बसवण्याचं काम बोझर, गियों आणि वाप्निक यांनी १९९२ मध्ये मांडलं, आणि चुकांना दंड लावून मुभा देणारं सॉफ्ट मार्जिन कॉर्टेस आणि वाप्निक यांनी १९९५ मध्ये.

हे कागदावर एकदा तरी स्वतः करून बघावं. चौरसाचे चार कोपरे घ्या. (१, १) आणि (−१, −१) यांचं लेबल −१, तर (१, −१) आणि (−१, १) यांचं +१. एका सरळ रेषेने हे वेगळे होत नाहीत. कर्नल घेऊ (१ + प·फ) चा वर्ग; प आणि फ हे कोणतेही दोन नमुने. कोपऱ्याचा स्वतःशी गुणाकार २, म्हणून कर्नल ९. शेजारच्या कोपऱ्याशी गुणाकार ०, कर्नल १. समोरच्या कोपऱ्याशी −२, म्हणजे (−१) चा वर्ग, पुन्हा १. कोष्टक तयार झालं: कर्णावर ९ आणि बाकी सगळीकडे १.

चारही कोपरे सारखेच आहेत, म्हणून चारही अल्फा समान धरू. प्रत्येक कोपऱ्यासाठी अट उरते ती ९अल्फा + अल्फा − अल्फा − अल्फा = १. म्हणजे अल्फा १/८. चौघेही सपोर्ट व्हेक्टर (ज्यांचा अल्फा शून्य नाही असे नमुने), क शून्य, आणि निर्णयफलन (ज्याच्या चिन्हावरून गट ठरतो ते) सोडवलं की निघतं −(पहिला घटक × दुसरा घटक). इतकं सुटसुटीत उत्तर बघून खरंच आनंद होतो. आता नवीन बिंदू टाकू, (०.५, ०.५). याच्या कर्नलची ओळ: (१, १) शी ४, (−१, −१) शी ०, उरलेल्या दोघांशी १ आणि १. बेरीज (१ + १ − ४ − ०) ÷ ८ = −०.२५. बरोबर बाजू. ही ४, ०, १, १ ची ओळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कर्नलमुळे किती काम वाचतं? १६ × १६ पिक्सेलच्या आकड्यांच्या चित्रांत २५६ घटक असतात. त्यांचे चौथ्या घातापर्यंतचे सगळे गुणाकार मांडले तर १८,६०,४३,५८५ पदं होतात. कर्नल मात्र २५६ गुणाकार करतो, १ मिळवतो आणि दोनदा वर्ग करतो.

आता बिघाडाकडे. समजा दोनच रकाने आहेत, वय वर्षांत आणि पगार रुपयांत, आणि कर्नल आरबीएफ (रेडियल बेसिस फंक्शन): ई चा घात −(गॅमा × अंतराचा वर्ग). गॅमा हा आपण निवडायचा आकडा. दोन माणसांचं वय सारखं, पगारात १,००० रुपयांचा फरक. वर्ग १० लाख. गॅमा ०.५ असेल तर घात −५ लाख. डबल प्रिसिजनमध्ये (संगणकाच्या ६४ बिटांच्या आकड्यांत) घात −७४६ च्या खाली गेला की उत्तर सरळ शून्य येतं. कोष्टकात कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ०: कोणी कोणासारखं नाही.

अशा कोष्टकावर एसव्हीएम काय करतं, तेही हाताने काढता येतं. १०० नोंदी, ६० धन, ४० ऋण, सी १०. स्थिरांक निघतो (६० − ४०) ÷ १०० = ०.२. धन नोंदींचा अल्फा ०.८, ऋण नोंदींचा १.२. शंभरच्या शंभर नोंदी सपोर्ट व्हेक्टर, आणि प्रशिक्षणात अचूकता १०० टक्के! नवीन नोंद आली की तिची कर्नलची ओळ शून्यांची, उरतो फक्त ०.२. म्हणजे कोणीही येवो, उत्तर 'धन'. मघाच्या ४, ०, १, १ शी ताडून बघा. चौरसाच्या कोष्टकातही कर्ण जड होता आणि बाकीचे आकडे सारखे होते. फरक पडला तो नवीन बिंदूच्या ओळीत. म्हणून प्रशिक्षणाच्या कोष्टकाबरोबर बाजूला ठेवलेल्या नोंदींच्या ओळीही छापून बघाव्यात.

सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीमध्ये गॅमाची मूळ निवड 'स्केल' आहे: १ ÷ (रकान्यांची संख्या × सगळ्या आकड्यांचं एकत्रित प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स). त्यामुळे वरचा शून्यांचा प्रकार टळतो, पण दुसरा उद्भवतो. पगार ४०,००० च्या आसपास असतील तर हे प्रचरण ४० कोटींच्या घरात जातं आणि गॅमा १ भागिले ८० कोटी इतका होतो. मग वयात ३० वर्षांचा फरक असला तरी त्याने कर्नल १ पासून दहा लाखांत एकाने वगैरे हलतो. वयाचा रकाना आहे पण नसल्यासारखा, आणि कुठे काही त्रुटी दिसत नाही. हा प्रकार मला जास्त घातक वाटतो. उपाय एकच: आधी प्रत्येक रकाना सरासरी ० आणि प्रमाण विचलन १ वर आणायचा. तेही क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (डेटाचे भाग पाडून आळीपाळीने एकेका भागावर चाचणी घेण्याच्या) पाइपलाइनच्या आत, प्रत्येक फेरीत फक्त प्रशिक्षणाच्या भागावरून. आधीच सगळ्या डेटावर स्केलिंग केलं तर चाचणीच्या नोंदींची माहिती आत झिरपते.

तपासायला पाचशे नोंदी पुरतात. कर्ण सोडून बाकीचे आकडे बघा. बहुतेक ०.०१ च्या खाली असतील तर गॅमा फार मोठा, बहुतेक ०.९९ च्या वर असतील तर फार लहान. सुरुवातीला जोड्यांच्या अंतरवर्गांचा मध्यक काढून गॅमा = १ ÷ मध्यक घ्यावा. मग मधल्या जोडीचा कर्नल ०.३७ येतो. तिथून पुढचा शोध दोनाच्या घातांत करायचा. लिबएसव्हीएम या लायब्ररीच्या मार्गदर्शिकेतली जाळी (तपासायच्या जोड्यांची) सी साठी २ चा −५ ते १५ वा घात आणि गॅमासाठी −१५ ते ३ रा, दोन-दोनच्या उडीने. ११ × १० = ११० जोड्या, पाच फेऱ्यांत ५५० वेळा प्रशिक्षण. उत्तम जोडी जाळीच्या कडेवर आली तर जाळी त्या बाजूला वाढवा. कडेवरचं उत्तर घेऊन थांबू नका.

मॉडेल तयार झाल्यावर अल्फांकडे बघा. अल्फा ० म्हणजे नमुना पट्ट्याबाहेर किंवा फार तर काठावर, काढून टाकला तरी रेषा हलत नाही. ० आणि सी यांच्या मधला म्हणजे बरोबर काठावर. स्थिरांक याच नमुन्यांवरून काढून त्यांची सरासरी घेतात. अल्फा सी ला टेकला म्हणजे नमुना सहसा पट्ट्याच्या आत किंवा चुकीच्या बाजूला. ही शेवटची यादी मी नेहमी बाहेर काढते, कारण चुकीची लेबलं तिथे हमखास सापडतात.

स्वतःचं साम्यफलन कर्नल म्हणून वापरायचं असेल तर एक अट आहे, आणि तिचं मूळ मर्सरच्या १९०९ मधल्या प्रमेयात आहे: कोष्टकाचं एकही आयगनमूल्य (कोष्टक आपल्या खास दिशांना किती पट ताणतं तो आकडा) ऋण नको. सहज वाटणारी साम्यंही ही अट मोडतात. प आणि फ यांचं साम्य ०.९, फ आणि भ यांचं ०.९, प आणि भ यांचं ०. आयगनमूल्यं येतात २.२७, १ आणि −०.२७. इतक्या जवळच्या फ चे दोन शेजारी एकमेकांशी अजिबात न जुळणं भूमितीत बसतच नाही. मग द्वैत प्रश्नाला एकच शिखर राहण्याची हमी जाते. टॅनएच (हायपरबोलिक टॅन्जंट) कर्नलही काही प्राचलांना असाच ऋण निघतो.

यातून सुटायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कर्नल मोजणीतूनच बांधायचा. मराठी मजकुरासाठी हा मार्ग फार उपयोगी आहे, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. शब्द जुळवायला गेलं तर 'घरात' आणि 'घरातून' यांचं साम्य शून्य. युनिकोडच्या तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडा (काना, उकार स्वतंत्र चिन्हं धरून). 'घरात'चे दोन तुकडे, 'घरातून'चे चार, दोन सामाईक. साम्य २ ÷ √८, म्हणजे ०.७१. 'घरात' आणि 'घराला' यांच्यात एक सामाईक, १ ÷ √६, म्हणजे ०.४१. हे मोजणीच्या सदिशांचे बिंदुगुणाकारच असल्यामुळे ऋण आयगनमूल्याचा प्रश्नच येत नाही.

मोठ्या डेटावर मात्र कोष्टकच अडचण होतं. ५०,००० नोंदींना २५० कोटी आकडे, ८ बाइटने २० जीबी. १९९८ मध्ये प्लॅट यांनी दिलेली एसएमओ पद्धत एका वेळी दोनच अल्फा बदलते (लेबलांसह अल्फांची बेरीज शून्य ठेवायची असल्यामुळे एकटा हलवताच येत नाही), त्यामुळे अख्खं कोष्टक स्मृतीत ठेवावं लागत नाही. तरी लागणाऱ्या ओळी पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात, आणि सायकिट-लर्नची कॅश (काढलेल्या ओळी तात्पुरत्या साठवायची जागा) मुळात २०० एमबीचीच असते. रॅम असेल तर ती २,००० करा, वेग लगेच जाणवतो. लाखाच्या पुढे मी कर्नल एसव्हीएम लावत नाही. मजकूर असेल तर रेषीय एसव्हीएम, नाहीतर २००७ मध्ये रहिमी आणि रेख्त यांनी मांडलेली यादृच्छिक फूरिए घटकांची पद्धत. तिच्यात आरबीएफ कर्नल हजार-दोन हजार कोसाइनच्या रकान्यांत अदमासे उतरवतात आणि त्यावर रेषीय मॉडेल बसवतात. अंदाज सांगण्याचा वेळही मग सपोर्ट व्हेक्टरच्या संख्येवर नाही, त्या रकान्यांच्या संख्येवर ठरतो.