जंगलातली गिरणी

रविवार, ९ नोव्हेंबर

आज शेवटी अटलांटाजवळच्या स्वीटवॉटर क्रीक पार्कला जाऊन आलो. सहा वर्षं इथे अटलांटाजवळ अल्फारेटात राहतोय, दर फॉलला ठरतं आणि दर फॉलला मंडळाची दिवाळी नाहीतर कुणाच्यातरी मुलाचा वाढदिवस आडवा येतो. या वेळी मी कालच सांगून टाकलं होतं की कुणी आलं नाही तर मी एकटी जाईन, मग सगळेच आले. थर्मासभर चहा, फॉइलमध्ये थालीपीठं, आणि पार्कात गाडी लावायचे पाच डॉलर.

रेड ट्रेल घेतला. झाडांवर लाल पट्टे मारलेत त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही, आणि सुरुवातीला तर वाट इतकी रुंद की लेक म्हणाला, आई हा हायक आहे की जॉगिंग पार्क. (परत येताना मुळांना ठेचकाळून बूट बघत बसला होता तो भाग वेगळा.) हिकरीची पानं पिवळीधम्मक झालीयेत, पायाखाली नुसता चुरचुर आवाज, आणि त्या आवाजात क्रीकचं पाणी आधी ऐकूच येत नाही, मग खडक सुरू होतात आणि खळखळ वाढत जाते. कडेने एक लांबलचक चर दिसला, मला वाटलं पावसाचा ओहोळ असेल, नवरा म्हणाला अगं हा गिरणीचा पाट. क्रीकचं पाणी वर अडवायचं, पाटाने आणून चाकावर सोडायचं आणि त्या चाकाच्या जोरावर सगळी यंत्रं फिरवायची. आमच्याकडे पाट म्हणजे माडा-पोफळींना पाणी, एवढंच डोक्यात.

आणि मग झाडांमधून एकदम ती भिंत.

न्यू मँचेस्टरची कापडाची गिरणी. खाली दगड, वर विटा, खिडक्यांची नुसती भोकं आणि त्यातून पलीकडचं आभाळ. पाच मजली होती, त्या काळी अटलांटातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच म्हणे. कुंपण आहे, आत फक्त रेंजरबरोबर जाता येतं. १८४९ च्या शेवटी सुरू झाली, बांधली गुलामांच्या श्रमांवर, आणि नाव ठेवलं कुठलं तर इंग्लंडातल्या कापडवाल्या गावाचं. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण राज्यांचं सिव्हिल वॉर लागल्यावर इथलं कापड दक्षिणेच्या सैन्याला जायला लागलं, म्हणून जुलै १८६४ मध्ये उत्तरेचं घोडदळ आलं आणि ९ तारखेला जाळून टाकली. गडी बरेचसे लढाईवर होते, राहिलेले कामगार म्हणजे मुख्यतः बायका आणि पोरं. त्यांना देशद्रोही ठरवून आधी मॅरिएटाला आणि तिथून रेल्वेने उत्तरेला, केंटकीतल्या लुईव्हिलकडे धाडलं. आमच्या शेजारच्या रॉझवेलमध्येही त्याच आठवड्यात हेच झालं, तिथे तर एका गृहस्थाने गिरणीवर फ्रेंच झेंडा लावून बघितला, आम्ही परके आहोत म्हणून. उपयोग झाला नाही. मी दर शनिवारी रॉझवेलला भाजी आणायला जाते आणि मला हे आज कळतंय!

मी बराच वेळ तिथे नुसती उभी होते, कारण माझ्या डोक्यात १८६४ म्हटलं की मुंबई. या लढाईमुळे इथला कापूस अडकला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग आपल्याकडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत पैशाचा नुसता पूर आला, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअर्सवर लोक वेड्यासारखे पैसे लावत होते. १८६५ ला लढाई संपली आणि सगळं धाडकन कोसळलं. शेअर बाजारातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले, पण त्याआधी आईच्या नावाने राजाबाई टॉवरला पैसे देऊन झाले होते. म्हणजे इकडे या बायका सामान बांधत होत्या तेव्हा तिकडे शेअर बाजारात पेढे वाटत असतील. आणि त्याच मुंबईत पुढे गिरण्या आल्या आणि आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, कोकणातून येऊन गिरणीत आधी बदली कामगार आणि मग साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले, ८२ च्या गिरणी संपापर्यंत.

पुढे धबधब्यापर्यंत गेलो, खडकांवरून उतरताना माझे गुडघे बोलायला लागले. थालीपीठं तिथेच संपवली. कुठल्याशा हॉलिवूड पिक्चरचं शूटिंग या गिरणीत झालंय म्हणून दोन मुली फोटो काढत होत्या, लेकाला तेवढंच लक्षात राहिलं.

गाडीत बसल्यावर बाबांना फोटो पाठवले आणि फोन लावला, तिकडे रात्रीचे दहा. मला वाटलं होतं अवशेष बघून काहीतरी हळवं बोलतील. तर म्हणाले, "खिडक्या बघ केवढ्या, उजेडासाठी गो. साचे किती होते?" आप्पांचं बोट धरून गेटपर्यंत गेलेला माणूस, दुसरं काय विचारणार. मग मी त्या बायकांचं सांगितलं, रेल्वेचं, पोरांचं. थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग म्हणाले, "शेवटचा पगार मिळाला काय त्यांना?"

मी म्हटलं बाबा, झोपा आता, उद्या करते फोन.