हिरोची आंघोळ

सिनेमातला हिरो भिंतीला हात टेकून शॉवरखाली उभा राहिला की मला त्याच्या दुःखाचं काही वाटेनासं होतं. प्रेयसी सोडून गेली असेल, भाऊ मारला गेला असेल, सगळं कबूल. पण त्यासाठी एवढा वेळ पाणी सोडून ठेवायचं? डोळ्यांतलं आणि नळाचं पाणी एकत्र वाहताना दाखवलं की दिग्दर्शकाला वाटत असणार, प्रेक्षक आता हेलावला. आमच्या घरी टीव्हीसमोर शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणतात, "ह्याच्याकडं आज नळ सुटलाय वाटतं." आणि त्या प्रसंगाचा तिथंच निकाल लागतो.

लातूरच्या माणसाचं सिनेमा बघणं असं बिघडलेलं असतं. एरवी गाणी, हाणामारी, रडारड आम्ही चारचौघांसारखीच बघतो. पण पडद्यावर कुठं हंडा, हौद, टँकर किंवा ढग दिसला की गोष्ट राहते बाजूला आणि आमचा हिशोब सुरू होतो. २०१६चा उन्हाळा ज्यांनी इथं काढला त्यांना हे वेगळं सांगायला नको. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्यावरून भांडणं होतात म्हणून पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागलेली. आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वे आली. त्या गाडीचे फोटो देशभर झळकले. आमचं शहर पेपरात पहिल्या पानावर येण्याची वेळ फारशी येत नाही, आली ती अशी.

तर अलीकडे जे काही बघितलं, त्याबद्दल.

मुलाच्या हट्टापायी 'ड्यून'चे दोन्ही भाग बघितले. डेनी व्हिलनव्हचा सिनेमा. अराकिस नावाचा वाळूचा ग्रह, तिथं राहणारे फ्रेमेन लोक. घाम, श्वासातली ओल, अंगातून जे काही बाहेर पडतं ते गाळून परत पिता येईल असा पोशाख ते घालतात. आजीला हे कसं कळणार, अशी मुलाला काळजी होती. राजघराणी, भविष्यवाण्या, अवकाशयानं यातलं त्यांना खरंच काही कळलं नाही, मलाही निम्मंच कळलं. पण पहिल्या भागात फ्रेमेनांचा म्होरक्या नव्या सरदाराच्या भेटीला येतो आणि सगळ्यांदेखत टेबलावर थुंकतो, तिथं गंमत झाली. सरदाराची माणसं हत्यारं उपसायच्या बेतात. तेवढ्यात एकजण पुढं होऊन सांगतो की हा अपमान नाही, अंगातली ओल दिली म्हणजे मान दिला. मग तोही थुंकतो, सरदारही थुंकतो. मी सासूबाईंकडे बघितलं. शेंगा सोलायच्या न थांबता त्या म्हणाल्या, "बरोबर आहे की मग. जे कमी आहे तेच दिलं की त्यानं."

याच भागात आणखी एक छोटा प्रसंग आहे, बहुतेकांच्या लक्षातही राहत नसेल. राजवाड्यासमोर वीस खजुरीची झाडं आहेत आणि भर उन्हात एक माळी त्यांना पाणी घालतोय. एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं, म्हणजे वीस झाडं शंभर माणसांचं. सरदाराचा मुलगा विचारतो, मग काढून टाकायची का? माळी दचकतो. नाही नाही, ही पवित्र आहेत.

इथं मी रिमोट मागून घेतला आणि सिनेमा थांबवला. आमच्याकडे खजूर नाही, ऊस आहे. जिल्ह्यात सरासरी पाऊस पडतो साडेसातशे-आठशे मिलिमीटर आणि मोकाट पाणी दिलं तर ऊस पितो दोन हजारांच्याही वर. बाकीचं बोअर मारून जमिनीच्या पोटातून काढायचं. ज्या वर्षी माणसांना रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीही मराठवाड्यात कारखाने चालले होते. आता हे बोलायचं कुणापुढं? माझ्या सख्ख्या भावाचा ऊस आहे. त्याच्यापुढं विषय काढला की तो म्हणतो, "सोयाबीनला भाव मिळवून दे, तुरीचा चुकारा वेळेवर दे, उद्याच्या उद्या ऊस मोडतो." यावर माझ्याकडं उत्तर नसतं. आपल्या झाडांना पवित्र म्हणणारा तो माळी निदान भाबडा तरी होता. माझा भाऊ सगळा हिशोब पाठ करून बसलाय.

दुसरा भाग आवाजानं मोठा आणि गोष्टीनं पसरट वाटला. वाळूतल्या त्या अजस्र किड्यावर स्वार होण्याचा प्रसंग मात्र थिएटरात बघायला पाहिजे होता, टीव्हीवर वाया गेला.

'ड्यून'चा दुसरा भाग ज्या दिवशी लागला, म्हणजे १ मार्च २०२४ला, त्याच दिवशी 'लापता लेडीज'ही लागला होता. घुंघटामुळं रेल्वेत दोन नवऱ्यांच्या नवऱ्या बदलतात, एवढीशी गोष्ट. किरण रावनं ती हसत-खेळत सांगितलीय. शेवट जरा जास्तच गोड आहे, पण स्टेशनवर टपरी चालवणारी छाया कदमची मंजूमाई बघितली की सगळं माफ. बाईच्या तोंडात एक वाक्य फुकटचं नाही.

रात्री उशिरा एका चॅनलवर 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' लागला होता, हिंदीत. सगळं जग वाळवंट झालंय आणि एक हुकूमशहा उंच कड्यावर पाण्याचा साठा ताब्यात ठेवून बसलाय. खाली भांडी घेऊन माणसांची झुंबड. तो वरून दांडा ओढतो, कड्यातून धो धो पाणी कोसळतं, लोक एकमेकांना तुडवत धावतात, आणि भांडी धड भरायच्या आत तो पाणी बंद करतो. वर उपदेश करतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका. मुलाला हा भयंकर खलनायक वाटला. मला तो ओळखीचा वाटला. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबवायचा की आत आणायचा हे ठरवणारी माणसं आम्ही पाहिलेली आहेत. फक्त त्यांच्या तोंडावर तो सांगाड्यासारखा मुखवटा नसतो, आणि निवडणूक जवळ आली की ती पाणी जरा जास्त वेळ सुटू देतात. एक आवडलं, की त्यातला तो प्रचंड मोठा टँकर बाई चालवते. फ्युरिओसा तिचं नाव. सिनेमाचा बहुतेक वेळ एक बाई टँकर पळवतेय आणि अर्धं जग तिच्या मागं लागलंय, यापलीकडे गोष्ट नाही. लागत पण नाही.

याच्या अगदी उलट 'परफेक्ट डेज'. विम वेंडर्स जर्मन, सिनेमा जपानी. टोकियोतली सार्वजनिक संडासं साफ करणारा हिरायामा नावाचा माणूस. पहाटे उठतो, अंथरुणाची घडी घालतो, रोपांवर फवारणीच्या बाटलीनं पाणी मारतो, मशीनमधून कॉफीचा डबा घेतो आणि कामाला जातो. दुपारी झाडांच्या पानांतून येणाऱ्या उन्हाचे फोटो काढतो. संध्याकाळी सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसतो. कोजी याकुशोला या कामासाठी कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं, ते योग्यच. शेवटी गाडी चालवताना त्याच्या चेहऱ्यावर जे काय काय येऊन जातं ते बघत राहावं असं आहे. आमचे हे तोवर घोरत होते.

पण सगळे जण या सिनेमाला 'साधं जगणं कसं असावं' म्हणून डोक्यावर घेतात, तिथं मी थांबते. हिरायामाच्या घरी दुसरं कुणी नाही. भाची चार दिवस राहून जाते, तेवढंच. त्याला कुणाचा डबा करायचा नाही, कुणाची गोळी चुकली का बघायचं नाही, आणि तोटी फिरवली की पाणी येणारच याची खात्री आहे. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत, रात्री दीड वाजता मोटर लावायला उठणाऱ्या माणसाला इतकं शांत राहता आलं असतं का? मला तरी तो सिनेमा बघायला आवडला असता.

मराठीत मात्र दोन सिनेमे असे बघितले की एकातून दुसऱ्यात जाता येईल. पहिला आदिनाथ कोठारेचा 'पाणी'. हा आमच्याच भागातला, नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचा. हनुमंत केंद्रे या तिथल्या खऱ्या माणसाची गोष्ट आहे. गावाला पाणी नाही म्हणून गावातल्या पोरांना कुणी पोरगी देईना. हनुमंताचंही लग्न अडतं, आणि मग तो पाण्याच्या मागं लागतो, गावाला श्रमदानाला उभं करतो. २०१८च्या सिनेमांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत याला पर्यावरणावरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून गौरवलं, आणि थिएटरात यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. टँकरसाठी नंबर लावून बसणाऱ्यांना या उशिराचं नवल वाटू नये. सिनेमा चांगला आहे, फक्त नायक अधूनमधून फार धुतलेला दिसतो. दुष्काळी गावात एवढा स्वच्छ सदरा रोज कोण घालतं?

सोयरीक जमवताना पाण्याची चौकशी होते, हे त्यात अजिबात वाढवून सांगितलेलं नाही. माझ्या आत्यानं मला दिलं तेव्हा हुंड्याच्या आधी आडाचं विचारलं होतं. आड कुठाय, उन्हाळ्यात आटतो का, वाटेत चढ आहे का. त्या बिचारीच्या स्वतःच्या सासरी आड दीड कोसावर होता.

दुसरा जयंत सोमलकरचा 'स्थळ'. विदर्भातलं गाव, चंद्रपूरकडचं, आणि पडद्यावरची माणसं तिकडचीच, बहुतेक कधी कॅमेऱ्यासमोर उभी न राहिलेली. कापसाला भाव नाही, बापाला पोरीच्या लग्नाचा घोर, आणि सविताला शिकायचंय. सुरुवातीला स्वप्नात ती खुर्चीत बसून मुलाला प्रश्न विचारते. जाग आल्यावर तिला विचारतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय. पाहुणे येतात, पोहे खातात, विचारतात, जातात. परत दुसरे येतात आणि तेच विचारतात. काही लोकांना हे कंटाळवाणं वाटलं. अरे, कंटाळा येणारच! तीच तर गोष्ट आहे. पाट मांडून त्यावर जी बसली असेल तिला तिसऱ्या पाहुण्यांपासूनच घड्याळ ऐकू यायला लागतं. मी सिनेमा संपल्यावर उगीचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात आपटली.

'लगान' परत बघितला तो पूर्वी कधीही बघितला नसल्यासारखा. सुरुवातीला ढग येतात, सगळं चंपानेर नाचतं, ढग निघून जातात. मग तीन महिन्यांनी क्रिकेटची मॅच, मॅच जिंकली आणि लगेच पाऊस. थिएटरात तेव्हा शिट्ट्या पडल्या होत्या. आता बघताना मनात आलं, तीन महिने उशिरा पाऊस आला तर खरीप गेलंच की. मूग-उडीद गेले, सोयाबीनचा तर तेव्हा पत्ताच नव्हता. राहिली रब्बीची ज्वारी. ती मात्र अशाच पावसावर चांगली येते. म्हणजे तीन वर्षांचा लगान माफ झाला आणि वर ज्वारीही साधली. आशुतोष गोवारीकरनं हे एवढं मनात धरलं नसेल, पण भावाला सांगितल्यावर तो म्हणाला, "मग मॅच बरोबर टायमाला होती." सिनेमाबद्दल त्यानं व्यक्त केलेलं हे एकमेव मत.

पावसाबद्दलचं माझं स्वतःचं मत मात्र मधल्या काळात हललं. 'तुंबाड' पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्यातला शाप समजलाच नव्हता. कोकणातलं गाव, हस्तर नावाच्या लोभी देवाचं देऊळ बांधलं म्हणून बाकीच्या देवांचा कोप, आणि कोप काय, तर पाऊस थांबतच नाही! मी म्हटलं, असला शाप आम्हाला द्या, आम्ही पण एक देऊळ बांधतो. भीतीपेक्षा त्या चिखलाच्या वाटा, ती हिरवीगार कुजकट भिंत बघूनच डोळे निवले होते.

मग २०२५चा सप्टेंबर आला. मांजरा, तेरणा, सीना सगळ्या पात्र सोडून शेतात शिरल्या. परंड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. भावाचं सोयाबीन काढणीला आलेलं होतं, ते पाण्यात उभं राहून जागेवर मोडायला लागलं. ऊस आडवा झाला. ज्या धरणाच्या तळाच्या भेगांचे फोटो पेपरात यायचे, त्याचे दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवत होते, आणि बघून आनंद मानायचा का नाही हे कुणालाच ठरवता येईना. नदीकाठच्या शेतांतली वरची माती गेली. पाणी पुढच्या वर्षी परत येतं, माती येत नाही.

त्यानंतर महिनाभरानं मुलानं '२०१८' लावला. केरळच्या पुरावरचा मल्याळम सिनेमा, ज्यूड अँथनी जोसेफचा. पूर्वार्धात खूप माणसांची ओळख करून देतो, इतकी की मी वैतागले होते. पण एकदा पाणी चढायला लागल्यावर त्या ओळखीचा उपयोग कळतो. घरात गुडघाभर पाणी आल्यावर माणूस आधी काय उचलतो, हे त्यांनी नीट बघून दाखवलंय. मासेमारी करणारे लोक आपल्या होड्या ट्रकवर घालून पुरात येतात, ते खरंच घडलेलं आहे. तिथं सासूबाईंनी विचारलं, "आपल्याकडं कोण येणार होड्या घेऊन?" आमच्याकडं होडी बघायची तर जत्रेत. कुणी काही बोललं नाही. त्यांनीच मग सांगितलं की आता दुसरं लाव, पाण्याचं नको, ढगाचं पण नको.

म्हणून 'महाराजा'. विजय सेतुपतीचा तमिळ सिनेमा, हिंदी डबिंगमध्ये. एक न्हावी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देतो की त्याची लक्ष्मी चोरीला गेली. लक्ष्मी म्हणजे कचऱ्याचा डबा. पोलीस हसतात, हाकलतात, मारतात, आणि तो ढिम्म हलत नाही. डबा शोधायला लाखांत पैसे देऊ करतो, तेव्हा कुठं त्यांचे कान टवकारतात. पहिला तासभर मी पोट धरून हसले. पुढचं सांगत नाही, पण हसणं टिकत नाही आणि रक्त फार आहे, सासूबाई मधूनच उठून आत गेल्या. मागचं पुढं आणि पुढचं मागं करून सांगण्याची त्यातली युक्ती हुशार आहे, जरा जास्तच हुशार. सेतुपतीचा तो कानाला पट्टी लावलेला सुन्न चेहरा नसता तर मला ती सहन झाली नसती. मुलगा म्हणतो, दुसऱ्यांदा बघितला की सगळे धागे जुळतात. जुळत असतील. मी त्याला म्हटलंय, आधी 'स्थळ' पुरा बघ. अर्ध्यातच मोबाईल घेऊन बसला होता.