एकतीस शाली

दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या लोखंडी कपाटाचा तळचा कप्पा उघडला, तर शालीच शाली. मोजल्या. एकतीस. त्यातल्या बावीस तर पिशवीतून बाहेरही आलेल्या नव्हत्या. टिचबटणाची प्लॅस्टिकची पिशवी, आत पुठ्ठा, पुठ्ठ्याभोवती घडी. रंग दोन-तीनच: गडद लाल, मोरपंखी आणि एक असा पिवळा, जो सत्काराच्या शालीखेरीज मी कुठे पाहिलेला नाही. काठाला जर. ती बोटाला टोचते.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत सदतीस वर्षं शिकवत होती. म्हणजे वर्षाला एक शालसुद्धा पडत नाही, असा हिशेब मी मांडला, तर ती म्हणाली, "अगं, या उरलेल्या. आलेल्या वेगळ्या."

सत्काराची शाल पांघरायची नसतेच. ती कुणीतरी आपल्या खांद्यावर टाकायची असते. पाहुणे दोन टोकं धरतात, फोटोवाला "इकडं बघा" म्हणतो, तेवढाच तिचा संसार. आमच्या गावात वह्या-पेनांच्या दुकानाला लागूनच 'सत्काराचे सर्व साहित्य मिळेल' अशी पाटी आहे. शिक्षक दिनाच्या आठवड्यात तिथे गर्दी असते. "जरा बरी शाल दाखवा" म्हटलं की दुकानदार शांतपणे विचारतो, "द्यायचीय का वापरायचीय?"

शालीबरोबर श्रीफळ येतं. मला या फळाचं कौतुक वाटतं. स्टेजवर ते श्रीफळ, आणि नोकरीतून काढलं की त्याचाच नारळ. आईच्या शाळेत २००० सालानंतर जे नवे गुरुजी आले, ते शिक्षणसेवक. महिना मानधन तीन हजार रुपये, तीन वर्षं. शिक्षक नव्हे, सेवक. त्या गुरुजींचा पहिल्याच शिक्षक दिनाला ग्रामपंचायतीने सत्कार केला. हातात श्रीफळ घेऊन ते आईला हळूच म्हणाले, "बाई, हे श्रीफळच आहे ना? नाहीतर तीन वर्षं व्हायच्या आधीच दिला म्हणायचा." प्राथमिकचं ते मानधन सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडलं. मधल्या काळात शालीचा भाव किती वाढला, ते दुकानदाराला ठाऊक.

नारळांचं बरं होतं. आमच्याकडे सप्टेंबरभर खोबऱ्याच्या वड्या असत. प्रश्न शालींचा. आईने त्यांना हळूहळू शाळेतच कामाला लावलं. शाळेला पहिला संगणक मिळाला तेव्हा धुळीपासून वाचवायला त्यावर लाल शाल आली. (संगणक बरेच दिवस नुसताच शाल पांघरून बसला होता, कारण वीज कधी असायची, कधी नसायची.) स्नेहसंमेलनात मोरपंखी शाल कमरेला बांधली की मावळा, खांद्यावर टाकली की सरदार, डोक्यावरून घेतली की जिजाऊ. दोन शाली एकमेकींना टाचल्या की विंगेचा पडदा. एका वर्षी गटशिक्षणाधिकारी पाहुणे होते. त्यांच्याच हातून आलेली शाल अफझलखान गुंडाळून आला, आणि साहेब पहिल्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होते.

शिक्षकांना शाल देण्याची रीत जुनी आहे. १८५२ साली नोव्हेंबरात पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीराव फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला, मेजर कँडींच्या हस्ते. मुलींच्या शाळेला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. त्याच शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण फेकत, म्हणून त्या एक जादा लुगडं सोबत नेत, असं सांगतात. मला नेहमी त्या घरातली दोरी दिसते. तिच्यावर धुतलेलं लुगडं वाळत असेल, आणि सरकारी शालजोडी आत पेटीत असेल.

शालजोडीतले म्हणजे काय, हेही मला सत्काराच्या भाषणांतूनच कळलं. "गुरुजनांचे उपकार कसे फेडणार!" अशी सुरुवात करून वक्ते तिसऱ्या वाक्याला "आणि सुट्ट्याही भरपूर, नाही का!" यावर येत. सगळे हसत. आईही हसे. आदल्याच रविवारी ती मतदारयादी घेऊन वस्त्यावस्त्यांवर हिंडलेली असे.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात शिक्षकांना शिक्षणेतर कामं देऊ नयेत असं म्हटलंय. पुढे अपवाद आहेत: जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका. आपल्याकडे या तिन्हींना खंड कधी पडतो, हे आईला सदतीस वर्षांत उमगलं नाही. शिवाय पोषण आहाराचे तांदूळ, त्यांची नोंदवही, केंद्राची बैठक. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्यापुढे चार वर्ग. पहिलीला अक्षरं, चौथीला भागाकार, आणि मधल्या दोघांना "हाताची घडी, तोंडावर बोट".

आणखी एक गोष्ट. १९६२पासून ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन आहे, आणि शिक्षक कल्याण निधीही त्याच वर्षीचा. आमच्या लहानपणी त्या निधीची तिकिटं शाळेत यायची. ती विकायची कुणी? शिक्षकांनीच. सकाळी मुलांनी बाईंना गुलाब द्यायचं आणि बाईंनी मुलांना, "तिकिटाचे पैसे आणले का रे?" न खपलेली तिकिटं आई स्वतः घ्यायची. ती माझ्या वह्यांवर चिकटलेली असत; एका इयत्तेत तर सगळ्याच वह्यांवर.

मी त्या शाली पुन्हा घडी करत होते, तेव्हा आईला विचारलं, यातली कुठली लक्षात राहिलीय का? तिने दोन-चार उलटसुलट केल्या आणि म्हणाली, "नाही बाई. सगळ्या सारख्याच." मग जरा थांबून ती पाइपाबद्दल बोलायला लागली.

शाळा माण तालुक्यातल्या एका वाडीवर. पाणी नव्हतं. रोज तिसरी-चौथीची चार पोरं कळशा घेऊन खालच्या विहिरीवर जायची, आणि ती परत येईपर्यंत आईचं अर्धं लक्ष फळ्यावर, अर्धं विहिरीकडे. ती विहीर ज्यांची, त्यांच्या दोन मुली शाळेत होत्या. एके दिवशी आई गणित शिकवत असताना बाहेर कुदळीचा आवाज आला. जाऊन बघते तर ते आपले चर खणत बसलेले. विहिरीपासून शाळेपर्यंत त्यांनी काळा पाइप टाकला, टोकाला तोटी बसवली, आणि "मोटर चालू आसल तवा भरून घ्या" एवढं सांगून निघून गेले. त्याचं उद्घाटन झालं नाही. फाल्गुनापर्यंत पाणी यायचं, पुढे टँकर. पण निम्मं वर्ष तरी पोरं वर्गात बसायला लागली. आई सांगते, त्या वर्षी पहिल्यांदा तिची सगळी चौथी भागाकारापर्यंत पोचली.

"त्यांना मी कधी काही दिलं नाही गं," आई म्हणाली.

मग आम्ही एकतिसातली त्यातल्या त्यात जाड शाल शोधली. भाऊबीज झाल्यावर वाडीवर गेलो. ते आता सत्तरीत आहेत. आईने बाजारातून घेतलेला नारळ पुढे केला, शाल खांद्यावर टाकली. मी फोटो काढायला मोबाइल वर केला, तोवर त्यांनी ती काढून नीट घडी घातली होती. खूश दिसले. चहा झाला.

संक्रांतीला त्यांच्या धाकट्या मुलीचा आईला फोन आला. बोलता बोलता तिने फोन वडलांकडे दिला. शेतीला लाईट रात्रीची असते, दोन वाजता उठून पिकाला पाणी द्यायला, दारं मोडायला जावं लागतं, तेव्हा ते आईची शाल कानाला गुंडाळून जातात म्हणे.

"ऊब येते का?" आईने विचारलं.

"बाई, तुमची हाय म्हनून गुंडाळतो," ते म्हणाले. "पर लई पातळ हाय वो."