रामकुंड जागेवर आलं! (नाशिकच्या बागा-तळी नकाशाची नोंद, भाग ७)

नाशिकच्या बागा आणि तळी दाखवण्यासाठी जुने नकाशे मी संगणकावर आजच्या नकाशावर बसवतोय. काल रात्री पावणेबाराला त्यात रामकुंड रामकुंडाच्या जागी बसलं. पाच आठवडे ते शंभरेक मीटर आग्नेयेला सरकलेलं होतं, आणि मागच्या नोंदीत मी टोपोशीटच्या (सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशाच्या) स्कॅनला दोष देऊन मोकळा झालो होतो. तो दोष मागे घेतो. स्कॅन उत्तम आहे. चूक डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याची होती.

आपल्या शहराची अडचण तुम्हाला ठाऊक आहेच. २० अंश अक्षांश आणि ७३ अंश ४५ मिनिटं रेखांश सातपूरच्या आसपास एकमेकांना छेदतात, त्यामुळे १:५०,००० च्या चार शीट्सचे कोपरे तिथेच भेटतात. पंचवटी ४६एच/१६ क्रमांकाच्या शीटवर, गंगापूर धरण ४६एच/१२ वर, नाशिकरोड ४७ई/१३ वर आणि पांडवलेणी तर ४७ई/९ च्या शिवेवरच. एक बाग बघायची तर दोन शीट्स उघडा, नदी बघायची तर तीन. म्हणून पहिला संशय जोडावर गेला. कडा पुन्हा कापल्या, कोपरे पुन्हा टिपले, फरक शून्य.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा रबरासारखा ताणून बसवायची पद्धत) लावून बघितलं. माझं स्पष्ट मत: जुन्या टोपोशीटला ते लावू नका. ते प्रत्येक बिंदू ओढून-ताणून जागेवर बसवतं, त्यामुळे चूक आकड्यांत दिसतच नाही, नकाशात मात्र मुरते. माझ्याकडे आनंदवल्लीपाशी गोदावरी वाळत घातलेल्या धोतरासारखी लहरत होती. तिथला नदीच्या वळणावरचा बिंदू मीच घेतला होता, हेही चुकलं. पात्र बदलतं, पूल बदलत नाही. तो बिंदू काढला, नुसते शीटचे कोपरे धरून पॉलिनोमियल १ वर (अख्ख्या शीटला एकच साधं रूपांतर) परत आलो आणि पुलांसारख्या ओळखीच्या जागी उरलेले फरक कागदावर बाणांनी काढले.

सगळे बाण एकाच दिशेला होते. लांबीही जवळपास सारखीच.

कागद आखडला असता तर चूक कडेकडे वाढत गेली असती. इथे अख्खं शहर एकसारखं उचलून ठेवल्यासारखं सरकलं होतं. जुन्या शीट्स एव्हरेस्टच्या गोलाभावर (पृथ्वीच्या मोजलेल्या आकारावर) बेतलेल्या, त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. मी मात्र कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश सरळ डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तो डेटम) म्हणून भरले होते. आपल्याकडे या दोन्हींत शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. कागदावर तो अडीच मिलिमीटरसुद्धा भरत नाही, पण घाटावर तेवढ्यात कुंड संपून बाजार लागतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी कल्याणपूर १९७५ हा जुना डेटम निवडला, मग रूपांतर केलं, आणि चारही शीट्स खटकन बसल्या. आज सकाळी अहिल्याबाई होळकर पुलाच्या दोन्ही टोकांना फोनचं जीपीएस लावून उभा राहिलो. फरक आठ-दहा मीटर. खाली दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी शांत होतं. पुरात सगळं नाशिक त्याच्याकडे बघून पाणी मोजतं, आज मी माझा नकाशा मोजला. फार बरं वाटलं.

गाव नकाशांचं मात्र अजून अडलंय. जिथे प्रत काढली त्या दुकानाने ती कागदात मावावी म्हणून बारीक करून दिली, आणि हे मला घरी पट्टी लावल्यावर कळलं. जुनी मोजणी ३३ फुटी साखळीची, एका साखळीचे १६ आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. एका चौकोनी मळ्याचं क्षेत्र उताऱ्यावर माहीत होतं, त्यावरून प्रमाण उलटं काढतोय. प्रत घेताना नकाशावरची मापपट्टी तिथेच मोजून बघा. आणि रोलरच्या स्कॅनरला मोठा कागद देऊ नका, ओढला जातो.

हे लिहिता लिहिता नकाशातल्या थरांची (एकेका प्रकारच्या जागांच्या गटांची) नावं बदलायचं ठरवतोय. आतापर्यंत काळानुसार करत होतो: गुलशनाबाद (मुघल काळ), पेशवाई, ब्रिटिश, धरणानंतरचा काळ. पण परवा पांडवलेण्यात दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) लेखाखाली उभा होतो. दुसऱ्या शतकातला ब्राह्मी लेख, त्यात गोवर्धनासह चार ठिकाणांची नावं आणि पुढे 'आरामतडागउदपानकरेण'. बागा, तळी, विहिरी करणारा. त्याच लेखात ३२,००० नारळाच्या झाडांचं दान आहे, आणि लेण्याबरोबर पोढ्या (पाण्याची टाकी) खोदल्याचंही. त्या डोंगरावरच्या पोढ्यांत आजही पाणी दिसतं. आपल्या विषयाची वर्गवारी कुणीतरी अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी दगडात करून ठेवली असताना मी नवी कशाला करू? तर थर तीन: आराम, तडाग, उदपान. शिवाजी उद्यान आणि नेहरू वनोद्यान पहिल्यात, गांधी तलाव आणि गंगापूरचा जलाशय दुसऱ्यात, जुन्या वाड्यांतले आड आणि बारवा तिसऱ्यात.

नांदूर मध्यमेश्वर आधी वेगळं काढलं होतं, पण तेही मुळात तडागच. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिशकाळात बंधारा बांधला गेला, मागे गाळ साचून उथळ पाणथळ झाली आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य, जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर. माणसाने पाणी अडवलं, बाकीचं गाळाने केलं. २००८ चं बोरगड संवर्धन राखीव मात्र तिन्हींत बसत नाही. डोंगर आहे तो. त्याच्यासाठी चौथा थर 'राखीव' करतो.

पुढचा रविवार उदपानांचा. जुन्या नाशकात तुमच्या वाड्यात आड असेल, बुजवलेला असला तरी, तर काठाचा व्यास आणि शेवटचं पाणी कधी शेंदलं ते कळवा. भद्रकाली आणि तिवंधा भागातले आधी घेतो.