बेव्हर्लीचं गायरान

मी राहते त्या गावात दोन चौक आहेत: एक सॅटर्डे मार्केट, दुसरा वेन्सडे मार्केट. शनिवार पेठेत वाढून बुधवार पेठेत शाळेला गेलेल्या मला बेव्हर्ली पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. इंग्लंडच्या यॉर्कशर भागातलं, हल शहराजवळचं हे जुनं बाजाराचं गाव. शनिवारी अजूनही इथे बाजार भरतो.

गावाला लागून पश्चिमेला वेस्टवुड नावाचं मोठं माळरान आहे आणि त्यावर १८ होलचं गोल्फ कोर्स. क्लब १८८९ सालचा. गोल्फ म्हटलं की मला येरवड्याचं, रस्त्यावरून कुंपणाआड दिसणारं हिरवंगार मैदान आठवायचं. आत काय चालतं, कधी कळलं नाही. इथे मात्र मी रोज संध्याकाळी त्या माळावर फिरते. कुत्री फिरवणारे असतात, पतंग उडवणारी पोरं असतात, आणि उन्हाळाभर गुरं असतात.

गेल्या वर्षी बाबा आले होते. मूळचे खटाव तालुक्यातले. माळावर पाऊल ठेवताच म्हणाले, "अगं, हे तर गायरान!" लगेच पुढचा प्रश्न, "गुरं कुणाची?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. १३८० साली आर्चबिशप नेव्हिल यांनी हे रान गावाला दिलं. 'फ्रीमन' म्हणवणाऱ्या जुन्या हक्कदारांना इथे गुरं चारता येतात, आणि ते दरवर्षी आपल्यातून 'पाश्चर मास्टर' निवडतात. चराईचा कारभार त्यांच्याकडे. गोल्फ आला तो या व्यवस्थेनंतर पाचशे वर्षांनी. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या गावचं गायरान त्यांच्या डोळ्यांदेखत प्लॉट-प्लॉट करून गेलं, हे मला माहीत आहे.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ फटका मारायला उभे राहिले. समोर फेअरवेवर, म्हणजे खेळासाठी कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, एक तांबडी गाय बसलेली, निवांत रवंथ करत. त्यांनी काठी खाली टेकवली आणि थांबले. मागून दूरवर मिन्स्टरचे, म्हणजे गावातल्या मोठ्या जुन्या चर्चचे, दोन मनोरे दिसत होते. गाय उठली, अंग झाडलं, चार पावलं सरकली, मग फटका. पुढे बॉल पडला तो शेणाच्या पोवालगत. गोल्फच्या नियमांत शेण पाला-काटक्यांच्या यादीतच आहे: बाजूला केलं तर दंड नाही, पण ते करताना बॉल हलला तर एक फटका वाढतो. गृहस्थ वाकले आणि इतक्या हलक्या हाताने ते बाजूला केलं, की बाबा म्हणाले, "सवय आहे गड्याला."

बाबा परत जाऊन वर्ष झालं. यंदा एप्रिल लागल्यापासून दर रविवारच्या फोनवर माझी खुशाली नंतर, आधी एकच प्रश्न येतो: "गुरं सोडली का गं माळावर?"